बोरिवलीचा बिबट्या आणि आमचा बिबट्या

(द्वितीय वर्ष, कला)

सहलीचा विषय निघाला तेव्हा वर्गात दोन तट पडले. एका तटाला महाबळेश्वर हवे होते, दुसऱ्याला कोकण. शेवटी भूगोलाच्या सरांनीच निकाल दिला, "मुंबई! एक दिवस शहर आणि एक दिवस बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान." मुंबई म्हटल्यावर दोन्ही तट गप्प झाले, कारण निम्म्या वर्गाने मुंबई फक्त सिनेमात पाहिलेली. मी त्यांच्यातलीच एक. उद्यानात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणीतरी विचारले. सर म्हणाले, "जंगल आहे, तलाव आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, वाघ-सिंह आहेत आणि बिबटे आहेत." त्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बिबट्या बघायला मुंबईला कशाला? आमच्या वस्तीवर चला, जेवणासकट दाखवतो!"

सारा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाऊन आईला सांगितले तेव्हा ती हसली नाही. चुलीपुढे बसल्या बसल्या ती म्हणाली, "पैसे भरून बिबट्या बघायला जाणार? आणि आम्ही इथं तो दिसू नये म्हणून देवाला हात जोडतोय."

मित्रमैत्रिणींनो, सहलीची वर्णने आपल्या अंकात दरवर्षी येतात. पहाटे निघालो, गाणी म्हटली, फोटो काढले आणि आठवणींची शिदोरी घेऊन परतलो, असे ते वर्णन असते. मलाही तसेच लिहायचे होते. परंतु आईचे ते वाक्य सहलभर माझ्याबरोबर राहिले आणि लेख भलतीकडेच गेला.

आधी माझ्या गावाविषयी थोडेसे. आमचे गाव राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या पाण्यावर भिजणाऱ्या भागात. एस.टी. फाट्यावर सोडते. तेथून आमची वस्ती दीड किलोमीटर. रस्ता कच्चा, आणि दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस. दहावीच्या पुढे गेलेली मी आमच्या घरातील पहिलीच. आई चौथी शिकली, अण्णा सातवी. दोन वर्षांपूर्वी मी नगरच्या कॉलेजात नाव घातले तेव्हा अण्णांनी गावात पेढे वाटले होते. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण फाट्यावर उभे राहिल्यावर आमच्या तोंडी अजून 'नगरची गाडी' असेच येते.)

गेल्या वर्षी थंडीत आमच्या गोठ्यातून एक शेळी गेली. कुडाला भगदाड, अंगणात रक्ताचा माग आणि उसाच्या कडेला ओढत नेल्याची खूण. पंचनामा झाला, पुढे भरपाईही मिळाली. शेळीचे दुःख आईने आठवडाभर केले आणि ती कामाला लागली. पण खरा प्रश्न नंतर उभा राहिला. चुलते एके दिवशी अण्णांना म्हणाले, "संध्याकाळची गाडी सात वाजता फाट्यावर येते. थंडीत सातला काळोख. पोरगी एकटी उसातून येते. कमीजास्त झालं तर काय करायचं? बी.ए. काय बाहेरून पण होते." चुलते वाईट माणूस नव्हेत. त्यांच्या स्वतःच्या दोन मुली आहेत आणि त्यांच्या काळजीतूनच ते बोलले. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मी फाट्यावर जात जाईन."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हातात बॅटरी आणि काठी घेऊन अण्णा फाट्यावर उभे असतात. गाडी उशिरा आली तरी उभे असतात. मला घरी पोचवतात, जेवतात आणि ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची असते त्या आठवड्यात तीच बॅटरी घेऊन उसाला दारे धरायला जातात. मला आणायला ते येतात, पण त्यांना आणायला कोणी नसते. ते परत येईपर्यंत आई झोपत नाही. माझे पदवीचे शिक्षण हे असे, बॅटरीच्या उजेडावर चालले आहे.

सहल निघाली ती डिसेंबरात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला माणसे बळी पडली होती. लोकांनी महामार्ग रोखला होता. आपल्याही जिल्ह्यात शोककळा होती. मोबाईलवर तर दररोज नवा बिबट्या यायचा, त्यातले निम्मे खोटे. अशा दिवसांत आमची गाडी पहाटे चारला नगर-कल्याण रस्त्याने निघाली.

उजाडता उजाडता गाडी पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला चहासाठी थांबली. चहा पिता पिता सरांनी एक गोष्ट सांगितली. २००९ साली या टाकळी ढोकेश्वरच्या एका विहिरीत एक मोठा नर बिबट्या पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढले. विद्या अत्रेय या अभ्यासिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. त्याचे नाव त्यांनी 'आजोबा' ठेवले. आजोबा माळशेजला राहिला नाही. तो पश्चिमेकडे चालू लागला. लोहमार्ग ओलांडला, महामार्ग ओलांडला, गावांच्या आणि कारखान्यांच्या कडेने गेला आणि महिनाभराच्या आत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून तो थेट बोरिवलीच्या उद्यानाजवळच्या जंगलात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला ओरबाडले नाही. बहुतेकांना तो दिसलाही नाही. २०११ साली मुंबई-अहमदाबाद महामार्गावर कोणत्या तरी वाहनाखाली तो मेला, तेव्हा त्याच्या शरीरातील चिपवरून त्याची ओळख पटली. २०१४ साली त्याच्यावर 'आजोबा' नावाचा मराठी चित्रपटही निघाला.

गाडीत थोडा वेळ कोणी गाणे म्हटले नाही. आम्ही ज्या रस्त्याने मुंबईला चाललो होतो, त्याच बाजूने आपल्या जिल्ह्यातला एक जण आमच्याआधी पायी गेला होता, आणि त्याला परत येता आले नव्हते. माळशेज घाटात मी खिडकीतून दरीकडे पाहत राहिले. घरी ज्याचे नाव काढताच आई दाराला कडी लावते, त्याच जनावराविषयी मला प्रथमच थोडे वाईट वाटले. हे आईला मी अजून सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोरिवलीला पोचलो. काय सांगावे! एका बाजूला द्रुतगती महामार्ग, त्यावर न संपणारी वाहने, आणि दरवाजातून आत पाऊल टाकले की झाडीच झाडी. हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. एका कुशीला बोरिवली, दुसऱ्या कुशीला मुलुंड-ठाणे. पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव, एकोणिसाव्या शतकात बांधलेले. त्यांचे पाणी मुंबईला आजही मिळते. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध एवढे रान शिल्लक राहिले, याचे मला मनापासून कौतुक वाटले. सकाळी फिरायला आलेली माणसे पाहिली. पायांत पांढरे बूट, गळ्यात दुर्बिणी, झाडांची नावे पाठ. आमच्याकडे चालायला म्हणून कोणी चालत नाही, कारण चालणे संपतच नाही. पण त्या माणसांचे झाडांवरचे प्रेम खोटे नव्हते, हे मी सांगितले पाहिजे.

मग आम्ही जाळी लावलेल्या गाडीत बसून सिंह-वाघ पाहिले. २०२२ साली गुजरातेतील जुनागढहून येथे सिंहांची जोडी आणली आहे. सिंह सावलीला पडून होता. आमच्यातील काहींनी त्याला उठविण्यासाठी शिट्ट्या मारल्या. चालकाने गाडी थांबवून त्यांना चांगले सुनावले आणि मला ते आवडले. त्या गाडीत एक गोष्ट माझ्या मनात आली. येथे जाळीच्या आत माणूस आणि मोकळा सिंह. आमच्या वस्तीवर रात्री असेच असते, आम्ही दाराच्या आत आणि तो मोकळा. फरक एवढाच की येथे त्यासाठी तिकीट काढावे लागते.

बिबट्या मात्र दिसला नाही. तो दिसतच नाही, असे तेथील वनरक्षकाने हसत सांगितले. पण तो आहे. २०१५ साली झाडांना कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा उद्यान आणि आरेचा परिसर मिळून ३५ बिबटे निघाले. पुढच्या मोजण्यांत हा आकडा आणखी वाढला. जगात एवढ्या दाट वस्तीच्या शहरात एवढे बिबटे क्वचितच कोठे असतील.

कान्हेरीच्या लेण्यांकडे जाताना दुर्बीण लावलेले एक वयस्कर गृहस्थ भेटले. फार प्रेमळ. आम्ही नगरचे म्हटल्यावर म्हणाले, "तुमच्याकडे बिबट्यांना फार त्रास देतात म्हणे? अहो, जंगल त्यांचे घर आहे. आपण त्यांच्या घरात घुसलो आहोत." मी काही बोलले नाही. वडीलधाऱ्यांना उलट बोलण्याची सवय नाही. पण हा लेख म्हणजे त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर आहे, असे समजावे.

काका, तुमचे म्हणणे बोरिवलीला लागू असेल. आमच्याकडे ते लागू पडत नाही. माझी आजी सांगते की तिच्या लहानपणी आमच्या शिवारात बाजरी होती आणि माळावर लांडगे होते. बिबट्या तिने पाहिला नव्हता. मग धरण झाले, कालवे आले, ऊस आला. बाजरी गेली, त्याबरोबर माळ गेला, माळाबरोबर लांडगा गेला आणि उसाबरोबर बिबट्या आला. प्रवरेच्या खोऱ्यात ही गोष्ट आमच्याही आधी घडली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ सालचे. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो १९५० च्या सुमारास. उसाने आपला जिल्हा वर आला, शाळा-कॉलेजे निघाली, माझ्यासारख्या मुली शिकू लागल्या. पण ऊस म्हणजे वर्ष-दीड वर्ष उभे असलेले, दाट, थंड, पाण्याजवळचे रान. बिबट्याला आणखी काय हवे? मादी उसातच विते. तोड सुरू झाली की फडात पिल्ले सापडतात. ती तेथेच ठेवली तर रात्री आई येऊन घेऊन जाते. या पिल्लांना सह्याद्री ठाऊक नाही. त्यांचे जन्मगाव आमचेच शिवार. तेव्हा आम्ही त्याच्या घरात घुसलो नाही. आम्ही त्याला नकळत घर बांधून दिले. घर बांधणाऱ्यांत आमचा वाटा आहे, धरणाचा आहे, कारखान्याचा आहे आणि शहरात चहात साखर घालणाऱ्याचाही आहे.

आपल्या अकोले तालुक्याचा अभ्यास झालेला आहे. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. जंगल नाही, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे, आणि तरी शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे. ते खातात काय, याचाही अभ्यास झाला. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, वजनाच्या हिशोबाने शंभरात एकोणचाळीस. माणूस हे त्याचे खाणे नव्हे. हे वाचून मला धीर आला. परंतु फाट्यावर उभ्या असलेल्या अण्णांना हा आकडा सांगून काय उपयोग? शंभरातले नव्व्याण्णव बिबटे सज्जन असले तरी शंभरावा कोणता, हे अंधारात कळत नाही.

मग आमच्याकडे म्हणतात ते बरोबर का, की सगळे बिबटे धरून दूर नेऊन सोडा? मीही तसेच म्हणत होते. पण हे करून झालेले आहे. जुन्नर भागात २००१ पासून बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम झाली. त्याआधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत ते नंतर १७ पर्यंत गेले. कारण उघड आहे. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते, ओढीने परत फिरते, आणि इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे, अधिक अननुभवी जनावर येऊन बसते. मुंबईतही उद्यानाच्या आसपास पकडलेले बिबटे जंगलात सोडले जात, आणि २००२ ते २००४ या काळात तेथे अनेक माणसे मारली गेली. माणसावर चटावलेले जनावर धरलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. माणसाचा जीव आधी. पण साऱ्यांनाच उचला म्हणणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, पण एक केंद्र किती जणांना पुरणार?

मुंबईने पुढे शहाणपणाची वाट धरली, हे मान्य केले पाहिजे. २०११ च्या सुमारास वनखाते, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले. पकडापकडी कमी केली. उकिरडे कमी करा म्हणजे कुत्री कमी होतील, कुत्री कमी झाली की बिबट्या कमी येईल, हे लोकांना समजावले. रात्री मुलांना एकटे सोडू नका, त्याला घेरू नका, गर्दी करू नका, हे सांगितले. हल्ले पूर्ण थांबले नाहीत. २०२१ आणि २०२२ मध्ये आरे भागात पुन्हा झाले. तरी पूर्वीची भीषण परिस्थिती राहिली नाही.

आता माझा मुद्दा असा. 'बिबट्यासह जगायला शिका' हा उपदेश मुंबईहून आमच्याकडे येतो तेव्हा अर्धाच येतो. त्यातला 'शिका' येतो, बाकीचे मागे राहते. मुंबईला कचरा उचलायला गाडी आहे, आम्हाला नाही. मुंबईला रस्त्यावर दिवे आहेत, आमच्या वस्तीच्या वाटेवर अण्णांची बॅटरी आहे. मुंबईत रात्री कोणी शेतात पाणी धरीत नाही. अंधारात बाहेर पडू नका, असे सांगणाऱ्याने रात्री वीज का येते, याचेही उत्तर दिले पाहिजे. एकत्र राहायचे असेल तर त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसावा?

आणि मुंबईतही हा खर्च सारखा वाटलेला नाही, हे मी कान्हेरीच्या वाटेवर पाहिले. एक म्हातारी पळसाच्या पानावर काकडीच्या फोडी मांडून बसली होती. वारली समाजातली. उद्यानाच्या आत आदिवासींचे पाडे आहेत, त्यातल्या एका पाड्यावरची. मी विचारले, "आजी, तुम्हाला बिबट्याची भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "त्याची कशाची? तो येतो, जातो. आमी पयल्यापासून हितंच. पार्क मागून झाला." मग थोडे थांबून म्हणाली, "भीती घर उठवतील याची." त्या पाड्यांचे लोक वाघदेवाला मानतात. बिबट्याबरोबर कसे राहावे, हे शिकवायला त्यांना कोणी गेले नव्हते. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला तेव्हापासून कोण मूळचा आणि कोण मागून आलेला, हा वाद चालूच आहे. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला, तरी म्हातारीच्या मनातली धाकधूक गेलेली नाही.

लेण्यांवर चढून मी मागे पाहिले. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि पाऊस त्यांत वाहत यावा म्हणून पाटही. ते भिक्षू या रानात शेकडो वर्षे राहिले, तेव्हाही येथे श्वापदे असणारच. समोर पाहावे तर झाडीच्या पलीकडे मनोऱ्यांसारख्या इमारती. काही इमारती रानाच्या अगदी कडेला. खिडकीतून जंगल दिसते म्हणून तेथील घरांना जास्त भाव येतो, असे कोणीतरी म्हणाले. मला गंमत वाटली. ज्या रानाच्या शेजारामुळे पाड्यावरच्या म्हातारीला उठावे लागेल, त्याच रानाच्या शेजारामुळे दुसऱ्याच्या घराची किंमत वाढते. आमच्या वस्तीला मात्र उसाचा शेजार आहे म्हणून सोयरीक जुळताना लोक विचार करतात. आणि आता ठाणे ते बोरिवली या उद्यानाच्या पोटातून जुळा बोगदा जाणार आहे. २०२४ साली त्याचे भूमिपूजन झाले. २०१९ साली आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडली तेव्हा शहरातील मुलेमुली झाडांना मिठ्या मारून उभी राहिली होती. त्यांचे मला कौतुक आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, त्या मुलामुलींनी आमच्या फाट्यावरही एखादी संध्याकाळ उभे राहून पाहावे.

परंतु केवळ दुसऱ्याला नावे ठेवून हा लेख संपवला तर तो अप्रामाणिक ठरेल. आपण स्वतः काय करतो? उघड्या विहिरींना कठडे बांधत नाही. आजोबा ज्या विहिरीत पडला तशा विहिरी प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांत बिबट्याच नव्हे, पोरेही पडतात. मेलेली कोंबडी, मेलेले जनावर ओढ्यात फेकतो आणि मग कुत्री वाढली म्हणून ओरडतो. बिबट्या दिसला की पाचशे माणसे जमवून त्याला घेरतो, मोबाईल पुढे करतो आणि तो अंगावर आला की त्याला नरभक्षक ठरवतो. आपल्याच कॉलेजातील एकाने गेल्या महिन्यात भलत्याच मुलखातला व्हिडिओ आपल्या गावचा म्हणून पाठवला. त्या रात्री तीन वस्त्यांवर कोणी झोपले नाही. आपण शिकलेली माणसे ना? मग अफवेला पहिला लगाम आपण घालायला हवा.

आणखी एक लाजिरवाणी गोष्ट. परतीच्या प्रवासात सरांनी विचारले, "कर्जत तालुक्यातले रेहेकुरी कोणी पाहिले आहे?" चाळीसांपैकी दोन हात वर आले. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० सालचे, अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. अकोल्याचे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालचे. ती आपल्या जिल्ह्यात आहेत आणि आपण दोनशे किलोमीटर जाऊन पिंजऱ्यातला सिंह पाहून आलो. आजीच्या वेळचा लांडगा आणि माळढोक ज्या माळावर होते तो माळ संपत आला, याचे आपल्याला दुःख नाही, कारण तो माळ आपण पाहिलेलाच नाही. आपल्याला बिबट्याच तेवढा ठाऊक, आणि तोही भीतीमुळे.

मग काय करावे? मी काही तज्ज्ञ नव्हे. पण फाट्यापासून वस्तीपर्यंतचा दीड किलोमीटर मी जेवढा ओळखते तेवढा कोणी तज्ज्ञ ओळखत नसेल, म्हणून धीर करून लिहिते. पहिले, बिबट्याच्या पट्ट्यात शेतीची वीज दिवसा द्यावी. यासाठी जंगलशास्त्र लागत नाही. दुसरे, ऊसतोडीला येणाऱ्या कामगारांच्या कोप्या फडाच्या कडेला उघड्यावर असतात. त्यांची लेकरे पालापाचोळ्यात झोपतात. त्यांच्यासाठी कारखान्यांनी बंदिस्त निवारा, दिवा आणि संडास दिलाच पाहिजे. भरपाईचा आकडा मोठा आहे, माणूस दगावला तर पंचवीस लाख मिळतात, पण त्यातला थोडा पैसा आधीच खर्च झाला तर तो माणूस दगावणारच नाही. तिसरे, गोठ्याला कुडाऐवजी पक्की जाळी, यासाठी मदत मिळावी. चौथे, शाळा-कॉलेज सुटण्याची वेळ आणि शेवटच्या गाडीची वेळ यांचा थंडीच्या दिवसांपुरता तरी मेळ घालावा. यातले एकही काम बिबट्याविरुद्ध नाही. बिबट्या उद्या नाहीसा झाला तरी ही कामे करावीच लागतील. किंबहुना मला तर असे वाटते की, बिबट्याने आमच्या गावच्या जुन्याच उणिवा नव्याने दाखवून दिल्या. काळोख त्याच्या आधीपासून होता.

आणि चौथे काम झाले नाही तर काय होईल, तेही लिहिते. माझ्याबरोबर फाट्यावर उतरणाऱ्या आम्ही चौघी होतो. या वर्षी दोघीच आहोत. उरलेल्या दोघींनी कॉलेज का सोडले, याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. बिबट्याने किती शेळ्या नेल्या, किती वासरे नेली, याचा हिशोब सरकारदरबारी असतो. त्याच्या भीतीने किती मुलींची पुस्तके बंद झाली, हे मोजणारा कॅमेरा अजून कोणी झाडाला लावलेला नाही.

सहलीहून परतलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. सरांनी मुद्दाम गाडी आमच्या फाट्यापर्यंत आणली. लांबूनच बॅटरीचा उजेड दिसला. अण्णा शेकोटी करून बसले होते, बरोबर या वेळी चुलतेही होते. आम्ही तिघे उसातून चालू लागलो. अण्णांनी विचारले, "मग, दिसला का बिबट्या?"

मी म्हटले, "नाही."

"चला, बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि सवयीने त्यांनी बॅटरीचा झोत उसाच्या कडेने फिरवला.